‘ह’ला टिकल्या दिल्या की ‘ब’ का होतो? जपानी शिकणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, थोडं भाषाशास्त्र

ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योत भारत आणि जपानच्या पंतप्रधानांची भेट झाली. पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून पन्नास हजार कुशल माणसं जपानला जावीत, असं तेव्हा ठरलं. तेव्हापासून ‘जपानी शिकावं का, जमेल का’ हा प्रश्न आयटीवाल्यांपुरता राहिलेला नाही. नर्सिंग करणाऱ्या मुली विचारतात, आयटीआय झालेली मुलं विचारतात. पुण्यात तर हा प्रश्न जुनाच आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकून बाहेर पडलेली माणसं शहरभर सापडतील.

जमेल का, याचं उत्तर ‘हो’ असंच आहे. पण शिकवलं कसं जातं यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच एक वाक्य कानावर पडायला लागतं, ‘हा अपवाद आहे, पाठ करा.’ या अपवादांपैकी कितीतरी मुळात अपवाद नसतात. त्यांच्यामागे इतिहास असतो, आणि मराठी माणसाला तो समजायला फारसे कष्ट पडत नाहीत. गंमत म्हणजे त्या इतिहासाचा एक धागा आपल्या वर्णमालेपाशी येतो.

तक्ता नीट बघा, ओळखीचा वाटेल

जपानीत तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या उच्चार दाखवणाऱ्या लिप्या आहेत. दोघींचे ध्वनी तेच, अक्षरांची वळणं वेगळी. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चित्रलिपी. सुरुवात हिरागानाच्या तक्त्यापासून होते. स्वर: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ कसा काय? व्यंजनं ‘क’पासून सुरू होऊन ‘य, र, व’वर का संपतात? हा योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र जपानला पोचले आणि ते शुद्ध म्हणता यावेत म्हणून भिक्षू ‘सिद्धम्’ लिपी शिकू लागले. ही लिपी गुप्तकालीन ब्राह्मीतून निघालेली, म्हणजे देवनागरीची नातेवाईकच. इ.स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोचला होता. नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ मध्ये त्याच्याच हातून झाला. पुढे ८०४ मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनच्या राजधानीत गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय आचार्यांकडे संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये ग्रंथांचे भारे घेऊन परतला. सिद्धम् शिकणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेत जपानी ध्वनींची मांडणी वर्णमालेच्या धर्तीवर झाली. जपानमधल्या दफनभूमीत थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर आजही सिद्धम् अक्षरं दिसतात.

आता आपली वर्णमाला या तक्त्याशेजारी ठेवू. क वर्ग, च वर्ग, त वर्ग आणि त्याच्या शेवटी न, प वर्ग आणि त्याच्या शेवटी म, मग य, र, व. जपानी तक्त्यात च वर्गाच्या जागी ‘सा’ आहे आणि प वर्गाच्या जागी ‘हा’. बाकी सगळं जागच्या जागी. म्हणजे ज्यांनी हा क्रम लावला त्यांच्या लेखी ‘सा’ची जागा ‘च’ची होती आणि ‘हा’ची ‘प’ची. जुन्या जपानीत ‘सा’चा उच्चार च किंवा त्सच्या जवळपास असावा, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘हा’बद्दल मात्र शंकेला फारशी जागा नाही. तो कधीकाळी ‘पा’ होता.

टेनटेनचं कोडं

अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे दोन बारीक टिकल्या दिल्या की जपानीत ध्वनी बदलतो. शिकणारे त्यांना ‘टेनटेन’ म्हणतात. ‘का’चा ‘गा’ होतो, ‘सा’चा ‘झा’, ‘ता’चा ‘दा’. इथवर ठीक. मग ‘हा’ येतो, आणि टिकल्या दिल्यावर त्याचा होतो ‘बा’. टिकल्यांऐवजी छोटं वर्तुळ काढलं तर ‘पा’.

गळ्यावर बोट ठेवून क-ग, त-द म्हणून पाहा. दुसऱ्या ध्वनीला बोटाखाली थरथर जाणवते. आपलं व्याकरण याला घोष म्हणतं आणि थरथर नसलेल्याला अघोष. टिकल्यांचं काम एवढंच, अघोषाचा घोष करणं. मग ‘ब’ हा कोणाचा घोष? ‘ह’चा नक्कीच नाही. ओठ मिटून म्हणायच्या ‘प’चा. टिकल्यांनी नियम मोडलेलाच नाही. खालचा ‘पा’ झिजत झिजत ‘हा’ झाला, एवढंच. आधी ओठ नीट मिटायचे थांबले आणि ‘पा’चा, दोन ओठांमधून हवा सोडून म्हणायचा ‘फा’ झाला. मग ओठांचं काम पुरतं सुटलं. ‘हा, हि, फु, हे, हो’ या ओळीत मधेच ‘फु’ का, याचं उत्तरही इथेच आहे. ‘उ’साठी ओठ जवळ येतातच, म्हणून तिथे जुना उच्चार टिकला.

एवढं कळलं की मोजणीतली एक डोकेदुखी हलकी होते. पेन्सिली, बाटल्या, छत्र्या अशा लांबट वस्तू जपानीत मोजायच्या तर इप्पोन, निहोन, सान्बोन असं म्हणतात. एकाला पोन, दोनाला होन, तिनाला बोन! मूळ ‘पोन’ धरा. जोडाक्षरात, दुसऱ्या ‘प’च्या आधाराने ‘प’ टिकला, म्हणून इप्पोन. अनुनासिकानंतर त्याला घोष मिळाला, म्हणून सान्बोन. बाकी ठिकाणी झिजून होन. सहाला ‘रोप्पोन’ का, हे आता तुम्हीच सांगाल.

पण हे कळलं कसं? तेव्हा कुणी रेकॉर्डिंग केलं होतं का?

शंका रास्त आहे. पुरावे निरनिराळ्या दिशांनी आले आहेत. ओकिनावाच्याही पलीकडे, दक्षिणेच्या मियाको आणि याएयामा बेटांवरच्या बोलींत फुलाला अजून ‘पाना’ म्हणतात. मुख्य भूमीवर ‘हाना’.

दुसरा पुरावा आहे एक उखाणा. १५१६ साली पुढे सम्राट झालेल्या एका जपानी राजपुत्राने जमवलेल्या कोड्यांमध्ये तो आहे: आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही, ओळखा पाहू कोण? उत्तर आहे ओठ. आजच्या जपानीत आई म्हणजे ‘हाहा’ आणि वडील म्हणजे ‘चिचि’. दोन्ही म्हणताना ओठ एकमेकांजवळ जात नाहीत, म्हणून आज हे कोडं सुटत नाही. पण तेव्हा आई ‘फाफा’ होती, आणि फाफा म्हणताना ओठ दोनदा जवळ येतात.

तिसरा पुरावा गोव्याच्या वाटेने जातो. अंजिरो नावाचा एक जपानी माणूस गोव्यात आला आणि १५४८ मध्ये तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यालाच बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचला. त्यानंतर जेझुइट पाद्र्यांची रीघ लागली. १५८२ मध्ये चार जपानी तरुण पाद्र्यांबरोबर युरोपला निघाले. परतताना त्यांचा मुक्काम गोव्यात पडला आणि त्यांच्यातल्या हारा मार्तिनोचं लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. ही मंडळी १५९० मध्ये जपानला परतली ती छापखाना घेऊन. त्या छापखान्यातून १५९२ च्या सुमारास एका प्रसिद्ध जपानी युद्धकथेची सोपी आवृत्ती रोमन लिपीत निघाली. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं की ‘निफोन’ची भाषा आणि इतिहास शिकू इच्छिणाऱ्या ‘फितो’साठी हे पुस्तक आहे. आजच्या जपानीत ते ‘निहोन’ आणि ‘हितो’, म्हणजे माणूस. परक्या कानांनी ऐकून परक्या लिपीत लिहिल्यामुळे तो ‘फ’ कागदावर राहिला. इतिहासाच्या हाताने भाषा शिकवण्याची कल्पना आज कुणी नवी म्हणून विकत असेल, तर त्याला हे मुखपृष्ठ दाखवावं.

(फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांमध्ये रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, तेही याच जेझुइटांच्या परंपरेत. जुन्या मराठी उच्चारांचा मागही त्यातून काढता येतो, पण तो विषय वेगळा.)

लिहायचं ‘हा’, म्हणायचं ‘वा’

पहिल्याच धड्यात ‘वाताशी वा...’ (‘मी...’) असं सुरू होणारं वाक्य येतं. त्यातला ‘वा’ लिहितात मात्र ‘हा’ या अक्षराने. हाही त्याच झिजेचा भाग. शब्दाच्या सुरुवातीला ‘पा’चा ‘फा’ आणि मग ‘हा’ झाला. शब्दाच्या पोटात दोन स्वरांमध्ये तोच आणखी मऊ होऊन ‘वा’ झाला. नदीला ‘कावा’ म्हणत, पण लिहीत ‘काहा’. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये लेखन उच्चाराप्रमाणे करायचं ठरलं आणि असे शेकडो शब्द सुधारले गेले. ‘वा’सारखी दोन-तीन प्रत्ययवजा अक्षरं मात्र वाक्यावाक्यात येतात. ती बदलली तर वाचणाऱ्याला सगळंच परकं वाटेल म्हणून जुनी तशीच ठेवली.

‘ता, चि, त्सु’ आणि आपली चूल

‘ता’च्या ओळीत ‘ती, तू’ नाहीत. ‘चि’ आणि ‘त्सु’ आहेत. हिंदीभाषक इथे अडखळतो. आपण नाही. ‘चिमणी’तला च आणि ‘चुली’तला च वेगळा आहे हे मराठी पोराला कुणी शिकवत नाही. जिभेला ‘इ’च्या आधी तालव्य आणि ‘ऊ’च्या आधी दंत्य ‘च’ची सवयच असते. जपानी ‘चि’ आणि ‘त्सु’ हेच ते दोघे. ‘जि’ आणि ‘झु’साठी ‘जीव’ आणि ‘जुना’ म्हणून पाहा. ‘सा’च्या ओळीत ‘सि’ऐवजी ‘शि’ का? ससा, पण सशाला. पैसा, पण पैशाला. ‘इ’ किंवा ‘य’ शेजारी आला की ‘स’ टाळूकडे सरकतो, आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही.

क्लासमध्ये मात्र हे सगळं इंग्रजी स्पेलिंगमधून शिकवतात आणि घरातली वस्तू बाजारातून महाग दराने आणल्यासारखं होतं.

म्हणजे मराठीतूनच शिकायचं का?

शक्य तिथे, हो. वाक्यरचनेत तर नक्कीच. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आवडणारा कोण? व्याकरणाने पाहिलं तर आंबा कर्ता आहे आणि मी ‘मला’ होऊन बाजूला बसलोय. जपानीतही ‘वाताशी वा मान्गो गा सुकी देस’. आंब्याला कर्त्याचा ‘गा’. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी आंब्याला कर्म समजून ‘ओ’ लावतो आणि गुण घालवतो. ‘मला जपानी समजतं’, ‘मला ताप आहे’ या वाक्यांचीही तीच गत. मराठी वाक्य डोळ्यासमोर ठेवलं असतं तर चूक झालीच नसती.

क्रियापदं तर आणखी जवळची. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, काइते ओकु म्हणजे लिहून ठेवणे, योन्दे शिमाउ म्हणजे वाचून टाकणे. बघणे आणि ठेवणे ही क्रियापदं इथे डोळ्यांचं किंवा हातांचं काम करत नाहीत, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘काल घेतलेलं पुस्तक’ जपानीत त्याच क्रमाने येतं: किनो कात्ता होन. हा फायदा एकट्या मराठीचा नव्हे. कन्नड किंवा तमिळ बोलणाऱ्यालाही तो बराचसा मिळतो.

यावरून कुणी ‘जपानी संस्कृतातूनच निघाली’ असं व्हॉट्सअॅपवर पाठवेल, तर पुढे ढकलू नका. जपानी आणि रयूक्यू (म्हणजे ओकिनावाकडच्या) बेटांवरच्या बोलींचं एक स्वतंत्र कुळ आहे. आपल्या भाषांशी त्याचं रक्ताचं नातं सिद्ध झालेलं नाही, चिनीशीही नाही. वर्णमालेचा क्रम उसना गेला, नरकाचा ‘नाराकु’ आणि यमाचा ‘एन्मा’ असे शब्दही गेले. भाषा त्यांची त्यांचीच.

आणि कांजी? ती तर पाठच करावी लागणार ना?

लागणार. २०१० च्या सरकारी यादीत रोजच्या वापराच्या २,१३६ कांजी आहेत. चित्र पाठ करायला पर्याय नाही. खरा वैताग चित्रांचा नसतो, एकाच चित्राच्या अनेक उच्चारांचा असतो.

पाण्याची कांजी एकटी आली की ‘मिझु’, जोडशब्दात आली की ‘सुइ’. आपण पाणी पितो, पण शर्यत जलतरणाची असते. ‘पाणीतरण’ कुणी म्हणत नाही. जपानीतही पोहण्याचा शब्द जलतरणासारखाच बांधलेला आहे: सुइएइ. घरचा शब्द एकटा फिरतो, पोथीतला शब्द जोडीने. डोळ्याच्या डॉक्टरला आपण नेत्रतज्ज्ञ का म्हणतो, हे ज्याला कळतं त्याला हा नियमही कळतो.

पण पोथीतलेच तीन-तीन उच्चार असतात त्याचं काय? ‘जाणे’ या अर्थाची कांजी घ्या. शुग्यो, म्हणजे साधना, यात ती ‘ग्यो’. गिन्को, म्हणजे बँक, यात ती ‘को’. आन्ग्या, म्हणजे भिक्षूंची पायी यात्रा, यात ती ‘आन’. चिनी शब्द जपानमध्ये एकदाच आले नाहीत. पहिली लाट मुख्यतः बौद्ध धर्माबरोबर आली, ‘ग्यो’ तिच्यातला. मग सातव्या ते नवव्या शतकात जपानी विद्यार्थी चीनमधल्या तांग राजघराण्याच्या राजधानीत राहून तिथला नवा उच्चार घेऊन आले, त्यांचा ‘को’. आणखी काही शतकांनी झेन भिक्षू आणि व्यापारी तिसरा उच्चार घेऊन आले, त्यांचा ‘आन’. दरम्यान चीनमध्येच उच्चार बदलत गेले होते. जपान्यांनी नवं घेतलं आणि जुनं टाकलं नाही. म्हणून देवळातल्या, धर्मातल्या शब्दांत पहिल्या लाटेचा उच्चार येण्याची शक्यता जास्त आणि अर्थव्यवहारातल्या, शास्त्रातल्या शब्दांत दुसऱ्या लाटेचा. हा नियम नव्हे, अंदाज आहे. पण अंदाज असणं निव्वळ घोकंपट्टीपेक्षा बरं.

जपानी वारांची नावंही सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी याच क्रमाने आहेत. ग्रहांचे वार सांगणारा, चिनीत भाषांतरित झालेला ग्रंथ कूकाईनेच आणला होता. मंगळाला तिथे ‘अग्नितारा’ म्हणतात आणि बुधाला ‘जलतारा’, म्हणून मंगळवार आगीचा आणि बुधवार पाण्याचा.

इतकं जुळतं, तर मराठी माणूस चुकतो कुठे?

आदरार्थी बोलण्यात, आणि तेही आपल्याला आदर येतो म्हणूनच.

आपल्याकडे आदर माणसाला चिकटलेला असतो. साहेब समोर असोत की नसोत, फोनवर कुणीही असो, ‘साहेब बाहेर गेलेत’ असंच म्हणणार. जपानी कंपनीत गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तुम्ही आपल्या साहेबांबद्दल ‘तानाका-सान’ म्हणालात, तर चुकलात. बाहेरच्या माणसाशी बोलताना साहेब आपल्याच बाजूचे असतात. म्हणून नुसतं ‘तानाका’, आदराचा ‘सान’ नाही, आणि क्रियापदही नम्रतेचं: ‘तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमासु.’ आपल्याकडे लग्नात मुलीकडच्या माणसाने मुलाकडच्यांना ‘आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या’ म्हणावं, आणि त्या ‘आमच्या’त घरातले आजोबाही यावेत, तसं हे आहे. फरक इतकाच की आपल्याकडे लग्न दोन दिवसांत संपतं.

ही आतली-बाहेरची रेघ जपानी क्रियापदाच्या आतही आहे. ‘करून दे’ यात मराठीला एकच ‘दे’ पुरतो. जपानीत मी दुसऱ्याला करून दिलं तर ‘आगेरु’ आणि दुसऱ्याने मला करून दिलं तर ‘कुरेरु’. मैत्रिणीने फॉर्म भरून दिला, इथे ‘कुरेता’ म्हटलं की त्यातच थोडी कृतज्ञता येते. ‘आगेता’ म्हटलं तर उपकार तुम्ही केलेत. संस्कृतीचा धडा म्हणून किमोनो आणि चहा दाखवणारे वर्ग पुष्कळ आहेत. मला विचाराल तर ‘कुरेरु’ नीट शिकवणं हाच संस्कृतीचा धडा.

परीक्षेला हे विचारतात का?

नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन-५ पासून (सगळ्यात सोपी) एन-१ पर्यंत कुठल्याच पेपरात ‘हा’चा पूर्वज विचारत नाहीत. डिसेंबरमध्ये परीक्षा आणि हातात तीनच महिने असतील, तर शब्द आणि कांजी घोकण्याला पर्याय नाही. जपानी मुलंही हे शिकत नाहीत, हा आक्षेपही खरा आहे. पण ती शाळेत येतात तेव्हा सहा वर्षं भाषा ऐकून आलेली असतात. पंचविशीतल्या माणसाकडे ती सहा वर्षं नसतात. त्याच्याकडे कारण विचारण्याची सवय असते, आणि कारण कळलेली गोष्ट त्याच्या डोक्यात राहते. शिक्षकाने तक्ता शिकवताना दहा मिनिटं जास्त दिली तरी इप्पोन-निहोन-सान्बोन, ‘वा’चं लेखन आणि ‘फु’ हे तिन्ही एकदम मार्गी लागतात.

जिथे इतिहास कामाला येत नाही, अशीही एक जागा आहे: ऱ्हस्व आणि दीर्घ. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे लिहितो, पण बोलताना क्वचितच वेगळे म्हणतो. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. चाळिशीतल्या शेजारणीला हाक मारताना तो ‘बा’ लांबला, तर बोधिसेन आणि कूकाई दोघेही मदतीला येणार नाहीत. तिथे रोज ऐकायचं, मोठ्याने म्हणायचं आणि कुणाकडून तरी दुरुस्त करून घ्यायचं.